अंडी मोजता, तर कवचाकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पुरवणीत परसातल्या कोंबडीपालनावर पानभर लेख आला होता. सुधारित जातीची एक कोंबडी वर्षाला दीडशे ते पावणेदोनशे अंडी देते, दहा कोंबड्यांमागे घरातल्या बाईच्या हातात महिन्याला अमुक पैसे पडतात, वर अंड्याला गावठीचा भाव मिळतो, असा चौकटीत मांडलेला हिशेब त्यात होता. हिशेबाशी माझं भांडण नाही. फक्त त्यातलं प्रत्येक अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर यावं लागतं आणि कधीकधी ते येत नाही, एवढी गोष्ट त्या पानभरात कुठे नव्हती.

आमचं कोकणात, लांज्याला पशुखाद्याचं दुकान आहे. यजमान माल आणायच्या गडबडीत असतात, गल्ल्यावर मी. पेंड, भुसा, कोंबडीचं खाद्य, मिठाच्या विटा एवढंच आम्ही विकतो. औषधं ठेवत नाही. तरी श्रावण-भाद्रपदात आठवड्यातून एखादी तरी बाई कापडी पिशवीतून डोकं बाहेर काढलेली कोंबडी घेऊन पायरीवर उभी असते. "काकी, ही कालपासून गप बसून आहे, काय खात नाय." आणि लगोलग पुढचं वाक्य, "तापाची पुडी द्या."

ताप बहुतेक वेळा नसतोच. शेपटी खाली पाडलेली, पिसं फुगलेली, पाय फाकवून उभी, डोळे अर्धे मिटलेले. विचारलं की कळतं, सकाळपासून दहादा अंडी घालायच्या पाटीत जाऊन बसली आणि रिकामी उठली. मागची जागा सारखी उघडझाप करते, शीट होत नाही, झालीच तर थोडी, पांढरी, पातळ. हे अंडं अडकलेलं असतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही पाटीत बसून राहते, म्हणून बायका फसतात. पण खुडूक कोंबडीला हात लावायला गेलात तर ती फुलते, कुरकुरते, चोच मारते. अंडं अडकलेलीला उचललं तरी ती काही म्हणत नाही. आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, भीती सगळ्यांनाच असते, त्यांच्यासाठी सांगते: मानमोडीत एकटी कोंबडी क्वचित आजारी पडते. खुराड्यातल्या बऱ्याच एकदम सुस्तावतात, हिरवट हगवण लागते, श्वासाला घरघर येते, काहींच्या माना वळतात. तसं दिसलं तर कोंबडी पिशवीत घालून बाजारात आणू नका, घरीच वेगळी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

आता हिशेबच मांडायचा तर मीही मांडते. आमची गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. पंधरा-वीस झाली की खुडूक बसते, पिल्लं काढते, त्यांना घेऊन परड्यात फिरते, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अंड्यावर येते. मधल्या काळात तिचं अंग भरून निघतं. सुधारित कोंबडीतला हा खुडूक बसायचा गुण निवड करकरून कमी केलेला आहे. तिला सुट्टीच नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम असतं २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका अंड्यामागे सांगाड्याचा दहावा हिस्सा. वर्षाची १७५ अंडी धरली तर ३५० ग्रॅम. दोन किलोच्या जिवाने वर्षात आपले सतरा-अठरा सांगाडे अंड्यांवाटे बाहेर टाकायचे, आणि त्या बदल्यात आपण तिच्यापुढे काय टाकतो? कणी, शिळा भात, खोबऱ्याचा चोथा, नाचणीचा पाखडलेला कचरा.

कणीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. नाचणीत असतं, त्याची कौतुकं आपण हल्ली फार ऐकतो, पण १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. कोंबडी दिवसाला सगळं मिळून खाते १०० ते १२० ग्रॅम. नुसती नाचणी खाल्ली तरी कवचाचा पाव हिस्सा सुटत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात, म्हणजे लेअर खाद्यात, ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम घातलेलं असतं ते उगीच नव्हे. त्यातलंही तिच्या अंगी लागतं साधारण अर्धंच.

आपल्याकडे जमीनही जांभ्याची. एवढ्या पावसात त्या मातीतला चुना कधीच धुऊन गेलेला असतो. घाटावरच्या चुनखडीच्या रानात चरणारी कोंबडी दिवसभरात काहीतरी टिपत असेल. आमच्या कोंबडीला लाल मातीत काय मिळणार? त्यात जून ते सप्टेंबर ऊन नाही. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि ते जीवनसत्त्व कोंबडीला उन्हातून किंवा खाद्यातून मिळतं. पावसाळ्यात कोंबड्या पडवीत कोंडलेल्या आणि खाद्य म्हणजे कणी. श्रावणात माझ्या पायरीवर पिशव्या का येतात, ते यात आलं.

कॅल्शियम फक्त कवचाला लागतं असं समजू नका. अंडं पुढे ढकलणाऱ्या नळीच्या स्नायूंनाही तेच लागतं. कॅल्शियम कमी पडलं की एकीकडे कवच पातळ, खरखरीत, कधी नुसतं पापुद्र्याचं होतं, आणि दुसरीकडे ते मऊ अंडं ढकलायला नळीत जोर राहत नाही. मऊ अंड्यावर जोर धरताही येत नाही, म्हणून टणक अंड्यापेक्षा मऊ अंडं जास्त अडकतं. कोंबडीच्या पोटात अंड्याची वाट एकच, डाव्या बाजूची. उजवी बाजू बहुतेक कोंबड्यांत वाढतच नाही. त्या एकाच वाटेत अंडं थांबलं की शीट अडते, लघवीचा पांढरा भाग अडतो, पायाच्या नसा दबतात आणि कोंबडी लंगडते. दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

दुसरी कारणंही आहेत. तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, वयाआधी अंड्यावर आली, तिचा सांधा अजून सुटलेला नाही आणि पहिलंच अंडं दोन बलकांचं निघालं, तर अडकतं. फार लठ्ठ कोंबडीचं अडकतं, आणि भात-खोबऱ्यावर कोंबडी भराभर लठ्ठ होते. पोटात जंत झाले, नळीला सूज आली, अंडी घालायला आडोशाची जागाच नसली, तरीही. पण माझ्या पायरीवर येणाऱ्यांत कणीवरच्या कोंबड्या सगळ्यांत जास्त.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली एक सून अशीच आली. कोंबडी योजनेतून मिळालेली, तांबडी, चांगली भरलेली. सकाळी सासूबाईंनी पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न केला होता आणि कोंबडीने किंकाळी फोडल्यावर ही घाबरून तिला घेऊन निघाली. मी हाताने खालून चाचपलं, मागच्या दोन हाडांच्या मधे अंडं लागत होतं, सुदैवाने फुटलेलं नव्हतं. दुकानाच्या मागे आमची चूल आहे. पाणी ऊन केलं, घमेल्यात ओतलं, हाताच्या कोपराने बघितलं. तान्ह्या बाळाला घालतो तेवढंच ऊन, जास्त नाही. कोंबडीचं स्वतःचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ४१ अंशांच्या पुढे, त्यामुळे कोमट म्हणून गार पाण्यात बसवलं तर ती उलट काकडते. पोट आणि मागचा भाग बुडेल एवढ्या पाण्यात तिला पंधरा-वीस मिनिटं धरून बसवली. सुरुवातीला पंख झाडते, मग शांत होते. काही काही तर डोळे मिटून झोपतात. पाणी निवलं की तांब्याभर ऊन पाणी बाजूने सोडायचं, अंगावर नाही.

मग जुन्या पंचाने टिपून कोरडी केली. नखं काढलेल्या बोटाला खोबरेल लावून मागच्या जागेच्या कडेने आतून फिरवलं, एवढंच. बोटाने अंडं ओढायला जायचं नाही. कॅल्शियमची ड जीवनसत्त्व असलेली ५०० मिलिग्रॅमची गोळी, माणसांची, शेजारच्या औषधाच्या दुकानातून आणली. डॉक्टरांना फोनवर विचारून त्यातली अर्धी चुरून पाण्यात कालवली आणि थेंब थेंब चोचीच्या कडेला सोडली. भसकन ओतली तर श्वासनळीत जाते. मग खोक्यात तूस पसरून, वर गोणपाट टाकून, चुलीच्या उबेला अंधारात ठेवली. अंधार आणि ऊब दोन्ही हवी. सतत उघडून बघत बसलं तर कोंबडी अंग आवळून धरते. त्या सुनेला चहा दिला, तिची एसटी चुकली, आणि साडेचारच्या सुमारास खोक्यातून आवाज आला. अंडं ओलं, पातळ कवचाचं, एका बाजूला सुरकुतलेलं. कोंबडी लगेच पाणी प्यायली.

दरवेळी असं होत नाही. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या कोंबडीचं अंडं घरीच सुईने टोचून फोडलेलं होतं, कुणीतरी तसं सुचवलं म्हणे. आत कवचाचे तुकडे राहतात, नळी कापली जाते, बलक पोटात उतरला की तो तिथेच कुजतो. ती दुसऱ्या दिवशी गेली. म्हणून हात जोडून सांगणं आहे: पोट दाबू नका, अंडं फोडू नका. शेक देऊन काही तासांत अंडं आलं नाही तर एकदा पुन्हा द्या, आणि तरीही नाहीच आलं तर पशुवैद्यकांकडे न्या किंवा १९६२ ला फोन करा, हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर गाई-म्हशींवाल्यांना माहीत असतो, कोंबडीवाल्यांना नसतो. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, अंडं कुठे आहे ते बघून पुढचं ठरवतात. गाईचं पान्हा सोडायचं इंजेक्शन कोंबडीला चालेल का, असंही एकाने मला विचारलंय. वाट बंद असताना नळीला जबरदस्तीने जोर द्यायला लावला तर नळी फाटते, त्यामुळे ते डॉक्टरांच्या हातचं काम, आपलं नव्हे.

जोर देऊन देऊन कधी आतला लाल भाग बाहेर येतो. अशा कोंबडीला एक मिनिटही बाकीच्यांत ठेवू नये. लाल दिसलं की इतर कोंबड्या टोचतात, आणि मग टोचून टोचून आतडी बाहेर काढतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ज्यांनी पाहिलंय त्यांना मी खोटं लिहीत नाही हे कळेल. स्वच्छ पाण्याने धुऊन, खोबरेल लावून, हलक्या हाताने आत सारावं, डालग्याखाली एकटी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. पुढचे काही दिवस डालग्यावर गोणपाट टाकून दिवसाचा उजेड आठ तासांवर आणला तर अंडी थांबतात आणि जखमेला उसंत मिळते. अंडं उजेडावर चालतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.

पुडीबद्दल. प्रतिजैविकाची पुडी पाण्यात टाकून अडकलेलं अंडं सुटत नाही. नळीला जंतूंची सूज असेल तर डॉक्टर ते देतील, पण मग त्या कोंबडीची अंडी ते सांगतील तितके दिवस ना घरात खायची ना बाजारात द्यायची. प्रत्यक्षात पुडी पाण्यात आणि अंडी मंगळवारच्या बाजारात, असं सर्रास चालतं, वर ती 'गावठी' म्हणून जास्त भावाने. कोलिस्टिन नावाचं एक औषध तर केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी बंदच केलं, कारण माणसांच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवावं लागतं. तरी लोक नाव घेऊन मागायला येतात.

आणि सगळ्यांना कंटाळा येतो ती गोष्ट, शिंपल्यांचा चुरा. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढत असतं, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा, जेव्हा कोंबडी खात नाही. म्हणून चुरा संध्याकाळी, खुराड्यात घालण्याआधी द्यावा. तोही पीठ नको, जाडसर हवा. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे पोटातल्या पिशवीत रात्रभर राहतात आणि हळूहळू विरघळतात. खाद्यात कालवायचा नाही. वेगळ्या करवंटीत ठेवायचा. जिला लागतो ती खाते, जी अंड्यावर नाही ती बघतही नाही. अंड्यावरची कोंबडी दिवसाला दोनेक चमचे सहज संपवते. पिल्लांपुढे मात्र ठेवू नये. लहान वयात जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं. चार-साडेचार महिने होईपर्यंत त्यांचं खाद्य वेगळं.

खाडीकाठच्या लोकांना हा चुरा विकत घ्यायची गरजही नाही. तिसऱ्या, काळवं खाऊन शिंपल्यांचे ढीग आपण उकिरड्यावर टाकतो. पूर्वी त्याच भाजून चुना पाडत. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळवायच्या, गोणपाटात घालून वरवंट्याने ठेचायच्या. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, चुरून. अख्खी अर्धकी टाकली तर कोंबडीला अंडं फोडायची चटक लागते आणि ती मोडता मोडत नाही. पानाचा चुना चोचीत भरू नका, तोंड भाजतं.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर सगळा दोष कणीवर जाईल. मे महिन्यात कवचं पातळ झाली तर ते उकाड्यामुळेही असतं. कोंबडी धापा टाकते, त्यात रक्तातला कर्बवायू निघून जातो आणि कवचाचा चुना जमायला अडचण येते. तेव्हा सावली, थंड पाणी आणि पहाटे खाद्य हा उपाय. आणि खुराड्यातल्या सगळ्यांचीच अंडी एकाएकी बिनकवचाची, फिकट, वेडीवाकडी यायला लागली, तर ते विषाणूचं दुखणं असू शकतं, तिथे शिंपले काही करणार नाहीत.

आता लेखाकडे परत येते. आपल्या लेखकांचा रोख असा, की गावोगाव जास्त अंड्यांच्या कोंबड्या वाटाव्यात. वाटताहेतच. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. या कोंबड्यांचे पैसे बहुतांशी बायकांच्या हातात असतात. कोंबडी आजारी पडली की घरातले पुरुष म्हणतात, रिक्षाला दोनशे घालवण्यापेक्षा कापून टाक. बाई मात्र पिशवी घेऊन पायरीवर येते, कारण शाळेच्या वह्या, गॅसचा हप्ता, माहेरी जायचं भाडं, यातलं काहीतरी त्या कोंबडीवर ठरलेलं असतं. कापलं तर एकदा जेवण होतं, आणि औषध पाजलेली असेल तर तेही करू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कोंबड्या वाटणाऱ्यांनी दहा पक्ष्यांबरोबर शिंपल्यांच्या चुऱ्याची पाच किलोची पिशवी द्यावी. तेवढ्यात त्यांचा महिना सहज निघतो, आणि काय द्यायचं ते हाताला कळतं. सोबत एक कागद द्यावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, ज्यात अडकलेल्या अंड्याला शेक कसा द्यायचा ते चित्रासह असेल. आणि माझ्या धंदेवाल्या भावाबहिणींना सांगणं, चुऱ्याचं आणि लेअर खाद्याचं ५० किलोचं पोतं दाखवून सहा कोंबड्यांच्या बाईला परत पाठवू नका. पोतं फोडा, किलोने द्या. किलोभर चुऱ्याला दोन कटिंग चहापेक्षा फारसं जास्त पडत नाही, आणि आमच्याकडे ते पोतं आता पेंडीच्या आधी संपतं.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर शिंपल्यांचं गणित आणि माझ्या दुकानाचं कौतुक कापा, पण ऊन पाण्याचा आणि पोट न दाबण्याचा भाग ठेवा. आणि जमल्यास गणपतीच्या आधी छापा.

आपली,
एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)